प्रो राटा रजेचा हिशोब एक्सेलवर : वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या टाइम ऑफिसला (हजेरी-रजा बघणारं ऑफिस) आहे, पन्नासच्या आसपास माणसं, निम्मे जण तासगाव-कवठेमहांकाळ बाजूचे, घरी द्राक्षबाग असलेले. आमच्याकडे आधी महिन्याच्या भाड्यावरचं हजेरी-रजेचं सॉफ्टवेअर होतं (नाव लिहीत नाही), पंचिंग, पगार सगळं व्यवस्थित करायचं, पण वर्षाच्या मधे लागलेल्या माणसाची रजा आली की गंडायचं. म्हणून रजेपुरती वेगळी एक्सेल शीट बनवली आणि गेलं वर्षभर तीच चालू आहे.

मुद्दा काय आहे बघा. प्रो राटा (जेवढा काळ नोकरी तेवढ्या प्रमाणात रजा) म्हटलं की सगळे वर्षाची रजा भागिले 12 गुणिले महिने करून मोकळे होतात. ऑफिस स्टाफला कंपनीची पॉलिसी तशी असेल तर चालतं ते. पण कारखान्यातल्या कामगाराला फॅक्टरी अ‍ॅक्ट 1948 चं कलम 79 लागायचं (21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन संहिता, तिचे आकडे शेवटी दिलेत), आणि तिथं प्रश्न दोन आहेत, माणूस रजेला पात्र आहे का हा एक आणि असेल तर किती दिवस हा दुसरा. दोन्हीचं गणित वेगळं. जे सॉफ्टवेअर हे दोन्ही एकाच खान्यात कोंबतं ते कुणाचं तरी नुकसान करणारच.

उदाहरण देतो. 17 ऑगस्ट 2024 ला जॉइन झालेला पोरगा. कलम 79 मधे पूर्ण वर्षाला 240 दिवस हजेरी लागायची, पण 1 जानेवारीनंतर लागलेल्याला वर्षाच्या उरलेल्या दिवसांच्या दोन तृतीयांश भरली की पुरे व्हायची. 17 ऑगस्ट ते 31 डिसेंबर होतात 137 दिवस, त्याचे दोन तृतीयांश 91.33, म्हणजे 92 दिवस भरले की तो पात्र. याची हजेरी 108. वीस दिवस कामाला एक रजा, म्हणून भागिले 20 केलं की 5.4, अर्ध्यापेक्षा कमी अपूर्णांक सोडायचा, म्हणून 5 दिवस पगारी रजा पुढच्या वर्षात. सॉफ्टवेअरने काय दाखवलं, शून्य! कारण त्याला 240 एवढंच माहीत. त्याच दिवशी लागलेल्या दुसऱ्याची हजेरी 110, म्हणजे 5.5, अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण दिवस धरायचा म्हणून त्याला 6. दोन दिवसांच्या हजेरीवर एक रजा हलते, म्हणून हजेरीचा आकडा मस्टरशी जुळवूनच घ्यायचा, अंदाजाने नाही.

आता बागायतदारांचं. ऑक्टोबरात फळछाटणी, एप्रिलात खरड छाटणी, दोन्ही वेळेला माणूस बिनपगारी राहणारच, द्राक्षपट्ट्यातला कारखाना म्हटल्यावर हे धरूनच चालायचं. त्यामुळं यातले बरेच जण 240 च्या काठावर असायचे. गेल्या जानेवारीत एक मामा खिडकीशी आले, हातात लीव्ह कार्ड आणि खिशातली छोटी डायरी, तीत महिन्यावार खाडे पेन्सिलने मांडलेले. प्रत्यक्ष काम 228 दिवस. जुन्या सिस्टीममधे थेट नापास. पण आधीच्या वर्षी कमावलेली रजा ह्या वर्षी भोगली असेल तर ते दिवस 240 मोजताना धरायचे असतात, फक्त त्या दिवसांवर नवीन रजा मिळत नाही. मामांची अशी 14 दिवस रजा झालेली. 228 अधिक 14 म्हणजे 242, पात्र. आणि रजा काढायची 228 वर, 11.4 म्हणजे 11 दिवस. 242 वर काढली असती तर 12 आली असती, तेही चुकीचंच. शीटमधे हे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत, मी स्क्रीन फिरवून दाखवली, मामांनी डायरीशी ताडून बघितलं आणि "बरोबर हाय सायेब" म्हणून गेले. माझ्या मते शीटचा सगळ्यात मोठा फायदा हाच, माणसाला आपला आकडा कुठनं आला ते बघता येतं. सॉफ्टवेअर नुसतं शिल्लक दाखवतं, कशी ते सांगत नाही, आणि हक्काच्या रजेवर संशय राहिला की शॉपमधलं वातावरण बिघडतं.

सोडून जाणाऱ्याचा हिशोब वेगळ्या टॅबवर ठेवलाय, तो वेगळाच ठेवा. राजीनामा देणाऱ्याला 240 ची (आता 180 ची) अट लागत नाही, 96 दिवस काम करून मे महिन्यात गेला तरी 4.8 म्हणजे 5 दिवसांचे पैसे द्यायचे, मागची शिल्लक असेल तर ती वेगळी, आणि दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत. महिनाअखेरच्या फुल अँड फायनलला (सोडून जाणाऱ्याचा शेवटचा सगळा हिशोब) ढकलून चालत नाही. पैसे फॅक्टरी अॅक्टमधे होते ते आधीच्या महिन्याच्या रोजच्या सरासरी कमाईवर, महागाई भत्ता धरून, ओव्हरटाइम आणि बोनस सोडून.

ऑफिस स्टाफसाठी मी महिन्याऐवजी दिवसावर प्रो राटा करतो. त्याच 17 ऑगस्टला लागलेल्याला वर्षाला 18 रजा असतील तर महिन्यावर एक जण 6 म्हणतो, दुसरा अर्धा ऑगस्ट पूर्ण धरून 7.5 म्हणतो, वाद सुरू. 18 गुणिले 137 भागिले 366 (2024 लीप वर्ष होतं) म्हणजे 6.74, राउंड करून 7, विषय संपला. पण राउंडिंगचा नियम आधी लिहून नोटीस बोर्डावर लावा, नंतर नको.

त्रास पण आहेत. पंचिंग मशीनमधनं येणाऱ्या तारखा कधी कधी टेक्स्ट म्हणून येतात, मग वजाबाकी होत नाही, आणि दिवस-महिना उलटा झाला तर एररसुद्धा येत नाही, 5 मार्चची 3 मे होऊन बसते, म्हणून इम्पोर्टनंतर पहिल्या चार ओळी डोळ्यांनी बघायच्याच. फॉर्म्युल्याचे सेल लॉक करा, नाहीतर कुणीतरी वर आकडा टाइप करतंय आणि कळत पण नाही. कॅरी फॉरवर्डची (शिल्लक रजा पुढच्या वर्षात नेण्याची) 30 दिवसांची मर्यादा हाताने तपासावी लागते, मोबाइलवर शीट उघडली तर रकाने दिसत नाहीत धड.

शीट ठेवल्याचं खरं समाधान 21 नोव्हेंबर 2025 ला मिळालं, नवीन कामगार संहिता लागू झाल्या त्या दिवशी. 240 च्या जागी 180 आले, मधे लागलेल्याला दोन तृतीयांशऐवजी एक चतुर्थांश, वीसला एक तसंच राहिलं. मी अटीचे आकडे वर वेगळ्या सेलमधे ठेवलेले, त्यामुळं नवीन कॉपी काढून दोन सेल बदलले की झालं, जुन्या वर्षाची शीट जशीच्या तशी राहिली.

पन्नास-साठ माणसांपर्यंत ही शीट आरामात झेपते. त्याहून जास्त माणसं, दोन युनिट, तीन शिफ्ट असेल तर सॉफ्टवेअर घ्या, पण पैसे भरायच्या आधी विकणाऱ्याला वर्षाच्या मधे लागलेला एक माणूस त्याच्याच डेमोमधे टाकायला लावा आणि रजा कुठल्या हजेरीवर, कशी काढली ते उलगडून दाखवायला सांगा.