संकरित सूर्यफुलाचं बियाणं: पिशवी घेण्याआधी

उष्ण प्रदेशात सूर्यफूल लावायचं असेल आणि पाण्याची सोय असेल, तर महाग असूनही संकरित बियाणंच घ्यावं. सगळं रान एकाच उंचीचं वाढतं, जवळजवळ एकदमच फुलतं आणि काढणी एका फेरीत उरकते. बीही कमी लागतं: हेक्टरी ५ किलो पुरतं, सुधारित वाणाला ८ ते १० किलो लागतं. ६० × ३० सें.मी.वर ४-५ सें.मी. खोल टोकावं आणि १०-१५ दिवसांनी एका जागी एकच रोप ठेवावं. विरळणीत हात आखडला की फुलं वाटीएवढीच राहतात.

पिशवीवरची तपासणीची तारीख आणि मुदत नीट वाचा. तेलबी असल्याने दमट जागी ते लवकर खराब होतं. उलट अगदी ताजं बी सुप्तावस्थेत असतं आणि उगवतच नाही. ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून बघा. ७० पेक्षा कमी उगवले तर ते बी पेरू नका.

या बियाण्याविषयीची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे फुलाच्या मध्यभागी पोचट दाणे. हा दोष बहुतेक वेळा बियाण्याचा नसतो. फूल कडेकडून आत उमलत जातं, त्यामुळे मधल्या दाण्यांच्या वाट्याला पाणी आणि अन्न शेवटी येतं. कळी, फुलोरा आणि दाणे भरणं या तीन वेळी पाण्याचा ताण बसला की पहिला फटका मध्यालाच. बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडलं तरी तेच होतं. पिवळ्या पाकळ्या उघडू लागल्या की लिटरला २ ग्रॅम बोरॅक्स गरम पाण्यात विरघळवून, थंड झाल्यावर फुलांवर फवारावं, तेही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. फुलोऱ्यात कीटकनाशक मारणं म्हणजे आपल्या हाताने उत्पादन घालवणं. माश्या कमी असतील तर परागीकरणासाठी सकाळी ८ ते ११ दरम्यान हाताला मऊ कापड गुंडाळून एकेका फुलावरून हलकेच फिरवावं, दिवसाआड.

खरी उणीव वेगळी आहे. घरचं बी पुढच्या हंगामाला चालत नाही. दुसऱ्या पिढीत उंची आणि फुलोरा दोन्ही विस्कटतात. बियाण्यावरच्या औषधाच्या रंगीत लेपावरही फार विसंबू नये. केवडा रोग आणि फुलकिड्यांपासून तो सुरुवातीचे काही आठवडेच राखतो, पुढे रानात नजर ठेवावीच लागते. लेप दिलेलं उरलेलं बी कोंबड्यांना घालू नका, तेलासाठीही वापरू नका.