आजारी माणसासाठी चर्चची ‘शनिवारची भेट’, वसईतला आमचा आठ महिन्यांचा अनुभव

जुलैमध्ये पप्पांना पॅरालिसिसचा अटॅक आला, तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता आमच्या चर्चमधून दोन जण घरी येतात आणि तासभर बसून जातात, त्याबद्दल लिहायचं लिहायचं म्हणून राहूनच जात होतं. परवा भुईगावच्या एका मैत्रिणीने विचारलं की माझ्या सासऱ्यांसाठी असं कोणी येईल का, नक्की काय करतात, पैसे किती घेतात, म्हणून म्हटलं सगळं एकदाच लिहून टाकते.

पैसे आधी सांगते, एक रुपया नाही. पहिल्या महिन्यात आईने पाकीट पुढे केलं तर येणाऱ्या दोघांतल्या मावशींनी तिचा हात धरून परत तिच्याच पदराकडे नेला, आणि पुन्हा तो विषय निघाला नाही.

पप्पांचं थोडं सांगते म्हणजे समजेल. आमची केळीची वाडी आहे, पप्पा चाळीस वर्षं पहाटेची लोकल पकडून दादरला माल घेऊन जायचे, बोलणं असं की शेजारच्या वाडीत उभं राहून ऐकू यावं. त्या दिवशी सकाळी उठले तर उजवा हात लोंबतोय आणि तोंडातून शब्दच नाही. पाऊस प्रचंड, रिक्षा मिळेना, रस्त्यात पाणी, हॉस्पिटलला पोचेपर्यंत गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची वेळ निघून गेली होती (हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, तोंड वाकडं झालं, हात उचलता येत नाही, बोलणं अडखळतंय असं काही दिसलं तर एक मिनिट थांबू नका). मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला म्हणून उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं. शब्द येत नाही. पाणी हवं असेल तर ‘पाणी’ येत नाही, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून घेतात.

डिस्चार्जनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत माणसं खूप आली, प्रेमानेच आली, मी कुणाला वाईट म्हणत नाही. पण जे बोलून गेली ते माझ्या अजून अंगावर येतं. एकाने सांगितलं विश्वास कमी पडतोय, विश्वास असेल तर नाना (म्हणजे पप्पा) नाताळात चालत मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, येतील. एकाने आईला कोपऱ्यात घेऊन विचारलं घरात कुणाचं काही चुकलंय का. एक जण भिंतीवरच्या संत गोन्सालो गार्सियांच्या तसबिरीकडे बोट करून म्हणाले, आपल्याच वसईचा हा मुलगा, नागासाकीला क्रुसावर भाल्यांनी भोसकला गेला, त्याच्यापुढे तुमचं दुःख ते काय! पप्पा ऐकत होते. गोन्सालो गार्सियांवर त्यांची लहानपणापासून श्रद्धा आहे, त्यांना तो फोटो आधार म्हणून लावलेला आहे, आपलं दुःख मोजून लहान करायला नाही.

आणि मग ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी हे दोघे आले. एक रिटायर झालेले मास्तर, एक मावशी, दोघंही छत्री असून भिजलेले. मावशी दारातच पाय पुसून आत आल्या आणि माझ्याशी किंवा आईशी नाही तर थेट पप्पांशी बोलल्या, “नाना, बसू का जवळ?” पप्पांनी डोळे मिटले. त्यांनी खुर्ची उचलली आणि उजव्या बाजूला ठेवली. इतके दिवस येणारा प्रत्येक माणूस डाव्या बाजूला बसायचा, चांगला हात हातात घ्यायचा, मीसुद्धा. मावशींनी तो पडलेला हात घेतला, आपल्या मांडीवर ठेवला आणि गप्प बसल्या. चाळीस मिनिटं. मास्तर खिडकीपाशी, तेही गप्प. मला खरं तर अवघडल्यासारखं झालं, मनात आलं ही काय सेवा, बायबल तरी उघडा. जाताना मास्तरांनी एक छोटी प्रार्थना म्हटली, तीही पप्पांना विचारून, आणि गेले.

नंतर एकदा मी मास्तरांना विचारलंच की तुम्ही पहिल्या दिवशी काहीच का बोलला नाहीत. ते म्हणाले बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाच, सगळं गमावून आजारी पडलेल्या माणसाची गोष्ट आहे ती. ईयोबाचे तीन मित्र त्याला भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत कारण त्याचं दुःख फार मोठं होतं, तिथपर्यंत ते उत्तम मित्र होते, मग त्यांनी तोंड उघडलं आणि तू पाप केलं असशील म्हणून सुरू झाले. शेवटी देवाचा राग त्या मित्रांवरच निघाला, ईयोबच बरोबर बोलला म्हणाला. मी लहानपणापासून मिस्साला जातेय पण हे असं कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारची गोष्ट. मावशींनी हळू आवाजात प्रभूची प्रार्थना सुरू केली, अगदी आपण चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतो त्याच चालीत, आणि मध्येच मला दुसरा आवाज ऐकू आला. पप्पा म्हणत होते. जडपणे, पण शब्द स्पष्ट. “तुझे राज्य येवो.” आई स्वयंपाकघरातून हातात पळी घेऊन धावत आली. मला वाटलं चमत्कार झाला, मी रडायलाच लागले. मास्तरांनी मात्र चमत्काराचा गाजावाजा केला नाही, म्हणाले तुमच्या स्पीच थेरपिस्टला विचारा. तिला विचारलं तर तिने सांगितलं की असं होतं, डावा मेंदू दुखावला तरी पाठ असलेली प्रार्थना, गाणी, आकडे पुष्कळदा शाबूत राहतात कारण ते वेगळ्या वाटेने येतात, आणि सुरात बोलायला शिकवायची थेरपीच आहे, १९७३ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनी त्याबद्दल लिहिलंय. तेव्हापासून ती पप्पांकडून प्रार्थनेच्या चालीवरच ‘पाणी दे’ म्हणून घेते. मला विचाराल तर ही बातमी समजल्यावर माझं देवाचे आभार मानणं कमी झालं नाही, उलट वाटलं की सत्तर वर्षं रोज म्हटलेली प्रार्थना आतमध्ये कुठेतरी जपून ठेवलेली होती आणि सगळं गेलं तेव्हा ती उरली.

आता आशेबद्दल, कारण मैत्रिणीने तेच विचारलं होतं की हे लोक येऊन बरं होणार म्हणून आशा दाखवतात का. नाही, आणि मला या सेवेतलं सगळ्यात जास्त पटलं ते हेच. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की हाताची फार सुधारणा धरून चालू नका. त्या शनिवारी मी मास्तरांवर जवळजवळ ओरडलेच की तुम्ही आशा आशा म्हणता ती कसली आशा. ते काही बोलले नाहीत, पुढच्या शनिवारी आले आणि बायबलमधल्या योहानाचा अकरावा अध्याय वाचला, येशूच्या मेलेल्या मित्राचा, लाजरसचा. वाचून झाल्यावर म्हणाले, बघ, येशूला माहीत होतं ना की लाजरसला तो उठवणार आहे, तसं शिष्यांना आधी सांगितलंही होतं. तरी लाजरसची बहीण मरिया रडताना बघून तो काय म्हणाला, रडू नको पाच मिनिटांत उठवतो म्हणाला का? “येशू रडला”, दोनच शब्दांचं वचन आहे ते. ज्याच्याकडे सगळ्यात मोठी आशा होती तोच तिथे उभा राहून रडला. मग मावशी म्हणाल्या, “बाय, तुलाही रडायचं असेल तर रड, नानांसमोर रड, त्यांनाही रडायचंय, ते तुझ्यासाठी थांबलेत.” आणि खरंच आम्ही दोघं बापलेक त्या दिवशी जुलैपासून पहिल्यांदा एकत्र रडलो. हात अजून तसाच आहे पण त्यानंतर पप्पांचं भिंतीकडे तोंड करणं कमी झालं. (स्ट्रोकनंतर, म्हणजे अशा अटॅकनंतर, साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं, त्यासाठी डॉक्टरकडे जा, गोळ्या लागल्या तर द्या, पप्पांनाही चालू आहेत. मास्तरांनीच आम्हाला विचारलं होतं की डॉक्टरांना हे सांगितलंय का.)

मग आमचं बोलणं पुनरुत्थानावर, म्हणजे येशू मरणातून उठला त्यावर गेलं, ते मी नीट मांडू शकेन की नाही माहीत नाही. मास्तर म्हणाले आपली आशा हात बरा होण्यावर टांगलेली नाही, झाला तर देवाची स्तुती, नाही झाला तरी ती तुटत नाही, कारण ती येशूच्या उठण्याला बांधलेली आहे. बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. आमच्याकडे अर्नाळ्याचे, पाचूबंदरचे लोक होड्या नांगरतात ते बघितलेलं असल्यामुळे पप्पांना ते लगेच कळलं, त्यांनी डाव्या हाताने खाली सोडल्यासारखं करून दाखवलं, नांगर काही वरून दिसत नाही, वारा सुटला की होडी हलते, भिजते, पण जाग्यावर राहते. आणि उठलेल्या येशूच्या हातात खिळ्यांची भोकं तशीच होती, विश्वास न बसलेल्या शिष्याला, थॉमसला, त्याने तीच दाखवली. मावशी तो उजवा हात का धरतात ते मला त्या दिवशी समजलं.

मावशींनी स्वतःबद्दल चार महिने काही सांगितलं नाही. नाताळाच्या आसपास समजलं की त्यांच्या मिस्टरांचं असंच झालं होतं आणि अकरा वर्षं त्यांनी घरीच केलं. बायबलमध्ये पौल लिहितो ना की देव आमचं सांत्वन करतो ते अशासाठी की आम्हालाही दुसऱ्यांचं सांत्वन करता यावं. म्हणूनच त्यांना न विचारता कळतं की दुपारी चारला पेशंटपेक्षा घरातल्या बाईला जास्त झोप हवी असते, त्या आईला आत पाठवतात, “जा, अर्धा तास पड.”

बारीक गोष्टींची काळजीही घेतात. पहिल्या रविवारी घरी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) आणायच्या आधी मास्तरांनी विचारलं गिळायला त्रास होतो का, होतो म्हटल्यावर त्या छोट्या गोल डबीतून अगदी कणभर तुकडा दिला आणि पूर्ण गिळेपर्यंत थांबले. शेजारच्या हिंदू काकी कंबरेचं हाड मोडून पडून आहेत, त्यांनी हाक मारली म्हणून त्यांच्याकडेही जातात, तिथे नुसत्या गप्पा मारतात, त्यांनी म्हटल्याशिवाय प्रार्थनाही नाही.

आता कमी काय ते पण लिहायला हवं. सप्टेंबरच्या पावसात दोन शनिवार न कळवता आले नाहीत, पप्पा साडेतीनपासून दाराकडे बघत होते, ते मला सहन झालं नाही, आणि तसं मी सांगितलं. एकदा मास्तर आजारी म्हणून नवीन मुलगा आला, त्याने देव आपल्या लाडक्यांनाच दुःख देतो यावर पंधरा मिनिटं बोलून घेतलं, पप्पांनी तोंड फिरवलं. फोन केल्यावर मास्तर ताप असताना येऊन माफी मागून गेले, आता नवीन माणूस पहिला महिना फक्त बसतो, बोलत नाही, आणि तो मुलगा सध्या शेजारच्या काकींकडे पेपर वाचून दाखवतो, छान करतो. रात्री कुणी नसतं, आणि रात्रच सगळ्यात अवघड असते. चर्चला रॅम्प नाही ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. ११ फेब्रुवारीला आजाऱ्यांचा जागतिक दिवस असतो (पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये ठरवला, पुढच्या वर्षापासून पाळतात), त्या दिवशी खास मिस्सा आणि आजाऱ्यांना तेल लावतात, तेव्हा पप्पांना चार जणांनी खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलून नेलं, ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे घड उचलले त्याला ते फार लागलं. ज्यांच्यासाठी दिवस ठेवलाय त्यांना आत जाता येत नाही हे बदलायला हवं, मी अर्ज दिलाय.

त्या तेलाबद्दल एक सांगते कारण आमच्या आत्याने तेल बघून तिथेच रडायला सुरुवात केली, तिला वाटलं पप्पा चालले. जुन्या लोकांच्या मनात ते शेवटचं तेल आहे. पण १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधीचे नियम नवीन केले, गंभीर आजार किंवा म्हातारपणाने थकलेल्या कुणालाही तो घेता येतो, पुन्हापुन्हाही घेता येतो, मरायची वाट बघायची नसते. कपाळाला आणि दोन्ही तळहातांना लावतात. फादरांनी पप्पांचा उजवा तळहात उघडायला बराच वेळ घेतला, बोटं आखडलेली आहेत, घाई केली नाही.

पाचपैकी साडेचार देईन, अर्धा रॅम्प झाल्यावर.

ज्यांना हवं असेल त्यांनी आपल्या धर्मग्रामाच्या (म्हणजे आपल्या चर्चच्या) ऑफिसमध्ये जाऊन विचारा, बऱ्याच ठिकाणी असं कुणी ना कुणी जातं फक्त आपण सांगत नाही, आणि नसेल तर दोघांनी मिळून सुरू करता येतं. पेशंटला ऐकू येतं का, गिळता येतं का, कुठल्या वेळी जागा असतो हे आधी सांगून ठेवा. खुर्ची पडलेल्या बाजूला ठेवा. चहाला हे लोक नको म्हणतात पण सुकेळी (वाळवलेली केळी) समोर ठेवली तर मास्तर एक उचलतात. आणि वेळ पाळायला सांगा, कारण आमच्याकडे शनिवारी गेट वाजलं की खाटेवरून आवाज येतो, “येवो, येवो.” ‘या’ हा शब्द अजून पप्पांना सापडलेला नाही, प्रार्थनेतला तेवढाच काढून ते पाहुण्यांना बोलावतात.