क्लाउडवाला हिरा: ‘आयक्लीन’ एसआय१ घ्यावा की डाग असलेला एसआय१?

झवेरी बाजारात, किंवा बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये ओळखीच्या व्यापाऱ्याकडे बसला आहात आणि ट्रेवर तीन हिरे आहेत असं धरू. तिन्ही गोल, १ कॅरेटचे, जी रंगाचे (जवळपास रंगहीन), कट एक्सलंट, तिन्हींना जीआयए या अमेरिकी लॅबचा पूर्ण रिपोर्ट. पहिला व्हीएस२ आहे (क्लॅरिटी, म्हणजे आतली स्वच्छता, यांचे ग्रेड वरून खाली: व्हीव्हीएस१, व्हीव्हीएस२, व्हीएस१, व्हीएस२, एसआय१, एसआय२). त्याच्या रिपोर्टवरच्या नकाशात (आतल्या खुणा दाखवणारी आकृती) एक छोटा क्लाउड आणि दोन-चार पिनपॉइंट, म्हणजे बारीक ठिपके, काढलेत, आणि खाली शेऱ्यात ‘अॅडिशनल क्लाउड्स आर नॉट शोन’ असं लिहिलंय. दुसरा एसआय१, नकाशा जवळपास कोरा, शेरा मात्र ‘क्लॅरिटी ग्रेड इज बेस्ड ऑन क्लाउड्स दॅट आर नॉट शोन’. तिसराही एसआय१, आणि त्यात कडेला एक क्रिस्टल (आत अडकलेला खनिजाचा कण) व एक बारीकसा फेदर (आतला तडा) दाखवलाय. दुकानदार बहुधा दुसरा पुढे सरकवतो: “बघा, नुसत्या डोळ्याला काही दिसतंय का?” खरंच काही दिसत नाही. गोची तिथेच आहे.

क्लाउड म्हणजे हिऱ्याच्या आतल्या अतिशय बारीक कणांचा पुंजका. १० पट मोठं करून पाहिलं तरी हे कण सुटे दिसत नाहीत, म्हणून लॅब त्यांना एकत्र धरून ढग म्हणते. हिऱ्याच्या मजबुतीला त्यानं सहसा काही होत नाही. पाहायचं ते एवढंच, की तो उजेड विखुरतो का. पावसात गाडीच्या काचेला आतून वाफ धरते तेव्हा काचेवर बोट ठेवून दाखवावा असा डाग कुठेच नसतो, तरी पलीकडचं सगळं फिकं दिसतं. मोठा, पसरलेला क्लाउड हिऱ्याचं हेच करतो. बाजारात अशा हिऱ्याला ‘मिल्की’ म्हणतात. ‘आयक्लीन’ म्हणजे डोळ्याला डाग न दिसणारा. तो पारदर्शक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता ते दोन शेरे. शब्द जवळजवळ सारखे, अर्थ अगदी वेगळा. ‘आणखी क्लाउड आहेत, ते काढलेले नाहीत’ याचा अर्थ, ग्रेड नकाशातल्या खुणांवर ठरलाय आणि उरलेले क्लाउड इतके फिके आहेत की ते काढायची गरज पडली नाही. व्हीव्हीएस२, व्हीएस१, व्हीएस२ या ग्रेडला हा शेरा अगदी नेहमीचा, त्यावरून हिरा नाकारू नका. ‘ग्रेडच न दाखवलेल्या क्लाउडवर बेतलेला आहे’ म्हणजे मात्र ज्यानं ग्रेड खाली ओढला तो क्लाउडच कागदावर नाही. सहसा तो इतका पसरलेला असतो की काढायचा म्हटला तर नकाशाचा मोठा भागच भरून जाईल. व्हीएस२ वर हा शेरा असेल तर नीट बघून घ्यावा. एसआय१ वर धुरकट असण्याची शक्यता धरूनच बघावं. १ कॅरेट किंवा त्याहून मोठ्या एसआय२ वर असेल, तर आमच्या मते ट्रे परत करावा.

रिपोर्ट डॉसिए (जीआयएचा छोटा रिपोर्ट) प्रकारचा असेल तर त्यात नकाशा नसतो, खुणांची नुसती नावं असतात. एसआय१ ग्रेडपुढे ‘क्लाउड’ हा एकच शब्द दिसला, तर दुसऱ्या हिऱ्याइतकाच संशय घ्या.

कागदानं शंका येते, खात्री डोळ्यानंच होते. आणि दुकानातला उजेड ही खात्री होऊ देत नाही. छताचे बारीक स्पॉटलाइट कोणत्याही हिऱ्यातून ठिणग्या काढतात, मिल्की हिऱ्यातूनही. हिरा खिडकीपाशी न्या, थेट ऊन नको. जुलै-ऑगस्टमधलं मुंबईचं ढगाळ आभाळ याला उत्तम: सगळीकडून सारखा, मऊ उजेड. आधी हिरा पुसून घ्यायला सांगा. बोटाचं तेल आणि मुंबईचा घाम खालच्या बाजूला बसला की चांगला हिराही धुरकट दिसतो, आणि निर्दोष हिरा उगाच नाकारला जातो. (घरच्या अंगठीला कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरतो.)

मग २५-३० सेंटिमीटरवरून नुसत्या डोळ्यानं बघा. लूप (जवाहिऱ्याचं छोटं भिंग) अजून खिशातच राहू द्या. चांगल्या कापलेल्या गोल हिऱ्यात वरून बघताना काळे आणि पांढरे पट्टे आळीपाळीनं दिसतात. नजर काळ्या पट्ट्यांवर ठेवा. स्वच्छ हिऱ्यात ते काळेकुट्ट असतात आणि हिरा हलवला की लख्खकन पांढरे होतात. क्लाउडनं भरलेल्या हिऱ्यात काळं राखाडी होतं, कडा मऊ पडतात, आणि हलवल्यावर उघडझाप होण्याऐवजी सगळं एकसारखं फिकं राहतं. एकटा हिरा बघून हे कळणं कठीण. म्हणून त्याच रंगाचा, त्याच आकाराचा, साधारण तेवढ्याच वजनाचा व्हीएस१ शेजारी मागून घ्या. फरक असेल तर पाच सेकंदांत दिसतो. एवढा हिरा शेजारी ठेवायला दुकानदार खळखळ करत असेल, तर तीही माहितीच.

यानंतर चिमट्यात धरून बाजूनं, पांढऱ्या कागदापुढे बघा. आता लूप काढायला हरकत नाही: १० पटीचा लूप डोळ्याला लावून हिरा साधारण अडीच सेंटिमीटरवर. लूपनं क्लाउड कुठे आहे ते कळतं, धुरकटपणा कळत नाही. टेबलाखाली (टेबल म्हणजे वरचा मोठा सपाट पैलू) मध्यावर असलेला दाट क्लाउड कडेच्या क्लाउडहून जास्त जाचतो. ३६० अंशांच्या व्हिडिओवर विसंबू नका. तिथला प्रकाश जाहिरातीचा असतो. घरबसल्या घेणार असाल तर दोन हिरे शेजारी ठेवून खिडकीतला व्हिडिओ मागा.

तिसऱ्या हिऱ्याचा डाग तुमच्यासमोर आहे. क्रिस्टल काळा असून टेबलाच्या मधोमध असेल तर रोज डोळ्यात खुपेल, तो नको. पण पांढरा किंवा पारदर्शक असून कडेला असेल, तर कारागीर अंगठीच्या नखाखाली (हिरा धरून ठेवणारा धातूचा आकडा) तो झाकू शकतो, आणि बाकीचा हिरा पूर्ण ताकदीनं चमकतो. फेदरचं मात्र वेगळं.  हा तडा पृष्ठभागापर्यंत किंवा गर्डलपर्यंत, म्हणजे हिऱ्याच्या कमरेच्या कडेपर्यंत, आला असेल, तर नख दाबताना किंवा पुढे ठोकर बसून तिथे टवका उडू शकतो. म्हणून क्रिस्टल नखाखाली चालतो, कडेला फुटलेला फेदर नखाखाली नको. मजबुतीत क्लाउड जिंकतो आणि दिसण्यात हरतो, हा सौदा लक्षात ठेवा. आणखी एक: काळा क्रिस्टल लेझरनं फिका करतात, तड्यात भरण घालतात (असे उपचार केलेले हिरे आम्ही सुचवत नाही), पण पसरलेला क्लाउड कोणत्याही उपायानं जात नाही.

किमतीचं बोलू. रॅपापोर्टची यादी, म्हणजे व्यापाऱ्यांची हिऱ्यांची दरयादी, आकार, वजन, रंग आणि क्लॅरिटी बघून दर सांगते. मिल्कीपणाला तिच्यात रकाना नाही. तो हिशेब व्यापारी ‘बॅक’मध्ये, म्हणजे यादीच्या दरापेक्षा किती टक्के खाली, यात करतात. आपसातल्या खरेदीत ते ‘नो बीजीएम’ची अटही घालतात: ब्राऊन नको, ग्रीन नको, मिल्की नको. गिऱ्हाइकाच्या हातातल्या रिपोर्टवर हे कुठेच येत नाही. तेव्हा थेट विचारा, “हा नो बीजीएम आहे ना? बिलावर लिहून द्याल?” दुसरा हिरा तिसऱ्यापेक्षा बराच स्वस्त सांगितला जात असेल, तर कारण बहुधा त्या शेऱ्यातच आहे.

फ्लोरोसन्सची (अतिनील उजेडात हिरा चमकण्याची) भीती वाजवीपेक्षा जास्त पसरली आहे. रिपोर्टवर फेंट किंवा मीडियम असेल तर काळजी सोडा. स्ट्राँग किंवा व्हेरी स्ट्राँग आणि वर क्लाउडचा शेरा असं जोडीनं आलं, तर खिडकीतली तपासणी दुप्पट काळजीनं करा. लॅबग्रोन (प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा) घेणाऱ्यांसाठी एवढंच, की सीव्हीडी, म्हणजे वायूतून थर चढवून बनवलेला, हिरा कागदावर व्हीव्हीएस२ असूनही आतल्या ताणामुळे पुसट दिसू शकतो. तिथे ग्रेडपेक्षा काळ्या पट्ट्यांची परीक्षा महत्त्वाची.

दागिना कोणता, त्यावरही बरंच ठरतं. अंगठी रोज हातभर अंतरावर असते, तिथे पहिला हिरा घ्यावा, किंवा डाग कडेला असलेला तिसरा. कानातल्या टॉप्सकडे लोक चार फुटांवरून बघतात, तिथे व्हीएस२-एसआय१ मधला हलका क्लाउड कुणाच्या लक्षात येणार नाही, फक्त जोडीतले दोन्ही हिरे सारखे हवेत. कुड्यांसारख्या गटातल्या बारीक हिऱ्यांना वेगळा रिपोर्ट नसतोच, पण सगळे एका कागदावर ओतून बघा. बारांत एक मिल्की असला तर तो झोपलेला दिसतो. एमराल्ड कटला (कोपरे छाटलेला आयताकृती हिरा) मोठे सपाट पैलू असतात, धूसरपणा तिथे लपत नाही. त्या आकारात दुसऱ्यासारखा हिरा बघूही नका.

सोन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) सोन्यापुरते असतात, हिऱ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. बिलावर रिपोर्ट क्रमांक, वजन, रंग, क्लॅरिटी वेगवेगळं लिहून घ्या. गर्डलवर लेझरनं कोरलेला क्रमांक हिरा जडवण्याआधी लूपखाली रिपोर्टशी ताडून पाहा, कारण जडवल्यावर नेमकं तिथेच नख येऊ शकतं.