शर्म अल-शेख: एकाला डायव्हिंगचं वेड, दुसऱ्याला नाही, तरी जा

नवरा-बायकोत एकालाच डायव्हिंगचं वेड असेल, तर सुट्टीसाठी इजिप्तमधल्या शर्म अल-शेखइतकी सोयीची जागा नाही, असं माझं ठाम मत झालंय. डायव्ह मी करते, नवऱ्याला हवेची टाकी पाठीवर घ्यायची अजिबात हौस नाही. बाकी ठिकाणी मी दिवसभर बोटीवर आणि तो हॉटेलात कंटाळलेला. इथे तांबड्या समुद्रातलं प्रवाळ किनाऱ्यालाच लागून आहे. त्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून हॉटेलांनी लांब जेट्टी बांधल्यात. तिच्या टोकावरून उतरलं की खाली सरळ कडाच. साधा मास्क आणि स्नॉर्केल (श्वासाची नळी) लावून नवऱ्याने तिथे लायनफिश पाहिला. पट्ट्यापट्ट्यांचे पंख पसरून तो कड्याच्या सावलीत नुसता तरंगत होता. रात्री जेवतानाही तोच विषय! त्यामुळे हॉटेल निवडताना खोली कशी आहे यापेक्षा समोर रीफ, म्हणजे प्रवाळाचा कडा, आहे का, ते आधी विचारा.

रास मोहम्मदला मात्र मी बोटीने गेले. १९८३ साली जाहीर झालेलं हे इजिप्तचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. शार्क रीफवर नारिंगी अँथियास माशांचे थवेच्या थवे, आणि तिथून प्रवाह आपसूक योलांडा रीफकडे नेतो. १९८० मध्ये इथे योलांडा नावाचं मालवाहू जहाज आदळलं, त्यातली कमोड आणि बाथटब अजून तळाशी विखुरलेत. एका कमोडच्या काठावर प्रवाळ धरलेलं, आणि आतून एक चिमुकला मासा बाहेर डोकावत होता. मी तिथून हलायलाच तयार नव्हते. हा समुद्र जास्त खारट आहे, त्यामुळे खाली जायला कमरेला बांधायचं वजन नेहमीपेक्षा थोडं जास्त लागतं. पहिल्या डायव्हच्या आधी वजन नीट तपासून घ्या.

तक्रार एकच. एका बोटीवर एका गाइडमागे इतकी माणसं होती, की नवख्यांच्या पायातल्या फिन्स प्रवाळाला लागत होत्या आणि कुणी काही बोलत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. बुकिंगआधी गटात किती जण असतील ते विचाराच.

रात्री नामा बे, म्हणजे शर्मचा कॅफे आणि क्लबांचा भाग. गाद्यांवर बसून जास्वंदीचं लालबुंद करकदे प्यायचं, हुक्क्याचा वास, क्लबांतलं संगीत उशिरापर्यंत चालू. छान वाटतं, पण सकाळी डायव्ह असेल तर दारू नको आणि जागरणही नको. क्लबची रात्र शेवटच्या डायव्हनंतर ठेवा. नाहीतरी बरेच डायव्ह झाले की शरीरात साठलेला नायट्रोजन निघून जायला विमानाआधी किमान १८ तास थांबायचं असतंच. याच काळात सिनाई पर्वताची सहल मात्र घेऊ नका. तो २,२८५ मीटर उंच आहे, आणि डायव्हनंतर लगेच इतक्या उंचीवर जाणं विमानासारखंच धोक्याचं. डोंगर चढायचाच असेल, तर पहिल्या डायव्हच्या आधी चढा.