पोकळ नळीतून येणारा आवाज : विमानातला न्यूमॅटिक हेडसेट

१९६३ मध्ये अ‍ॅव्हिड एअरलाइन प्रॉडक्ट्स या कंपनीने तयार केलेला आणि सुरुवातीला टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीच्या विमानांत दिला गेलेला न्यूमॅटिक, म्हणजे हवेतून आवाज वाहून नेणारा, हेडसेट पाहिला, की प्रथम डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची आठवण होते. त्याचे कामही जवळजवळ तसेच चालते. यात वीज, चुंबक, तार यांपैकी काहीच नाही. ध्वनी निर्माण करणारे छोटे स्पीकर आसनाच्या हात टेकायच्या भागात बसवलेले असत, तिथल्या दोन छिद्रांत नळ्यांची टोके खोचली की नळीतील हवाच तो ध्वनी कानापर्यंत पोहोचवत असे. डाव्या आणि उजव्या कानासाठी स्वतंत्र नळी असल्यामुळे स्टिरिओ ध्वनीही ऐकता येतो.

असा एक जुना संच दोन लहान स्पीकरांना जोडून मी बराच वेळ ऐकला. माणसाचे बोलणे आणि गाणाऱ्याचा मधला स्वर अपेक्षेपेक्षा पुष्कळच स्पष्ट आला. मात्र झांजेची किणकिण आणि तंतुवाद्यांचा वरचा झंकार नळीच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणात बहुतांशी विरून जातो, आणि नळीच्या लांबीनुसार काही ठरावीक स्वर मात्र उगाचच फुगून येतात. नळीला बोट घासले तरी खरखर थेट कानात शिरते, आणि ती दुमडली की आवाज जवळजवळ बंदच होतो. कानात बसणारी टोके अर्ध्या तासाने टोचू लागतात, ही माझ्या मते या वस्तूची सर्वांत मोठी उणीव आहे, कारण लांबच्या प्रवासात तेवढ्या वेळात एक चित्रपटही संपत नाही.

तरीही मी या रचनेला मनापासून दाद देतो. शेकडो अनोळखी हातांतून जाणाऱ्या वस्तूत बिघडण्यासारखे काही ठेवायचेच नाही, हा विचार फार नेमका होता. शिवाय विमानाबाहेर तिचा उपयोग नसल्याने ती खिशात घालून नेण्याचा मोहही कमी होई. १९७०च्या दशकाच्या अखेरीस विद्युत हेडसेट येऊ लागले, तेव्हाही ते आधी वरच्या वर्गाला मिळाले आणि इकॉनॉमी वर्गातील प्रवाशांकडे या नळ्याच राहिल्या. इंजिनाची घरघर मात्र त्या नव्या हेडसेटनेही थांबवली नाही. १९७८ मध्ये झुरिचहून परतताना बोस या ध्वनिउपकरण कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना विमानातल्या हेडफोनमधून संगीत नीट ऐकू येईना, आणि गोंगाट रद्द करणाऱ्या हेडफोनची आकडेमोड त्यांनी त्याच प्रवासात सुरू केली.