नुसतं ऑनलाइन की अर्धं वर्गात?

बी.एस्सी.ला असलेल्या पुतण्यानं परवा विचारलं, "काका, स्वयमवरचा कोर्स घरूनच करू, की कॉलेजातले सर व्हिडिओ आणि वर्ग मिळून शिकवतात तिकडं जाऊ?" स्वयम म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल.

नुसत्या ऑनलाइनची खरी जमेची बाजू पैसा. २०१७ पासून स्वयमवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे तास फुकट बघता येतात, फी लागते ती परीक्षेची. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे करता येतात. औशाकडच्या पोराला लातूरच्या खोलीचं भाडं अन् मेसचा खर्च वाचतो. पण गावात ऐन दुपारी लाईट जाते, रेंज गच्चीवरच, अन् घरातला एकुलता स्मार्टफोन बापाबरोबर शेतात. व्हिडिओ डाउनलोड करून ठेवता येतो. मधेच अडलं तर विचारायचं कुणाला?

मिश्र पद्धतीत व्हिडिओ आदल्या रात्री बघायचा, वर्गात गणितं सोडवायची. दहावी-बारावीच्या निकालांनी गाजलेल्या लातूर पॅटर्नचं बळ तरी कशात होतं? सततच्या चाचण्यांत अन् मागं लागणाऱ्या मास्तरांत. मोबाईल मागं लागत नाही. अर्थात एसटीची वाट बघणं आलंच. आणि काही ठिकाणी ‘मिश्र’ म्हणजे ग्रुपवर लिंका टाकून सर मोकळे! तसलं असेल तर घरीच बरं.

पुतण्याला म्हटलं, जे विषय अवघड त्यांना वर्गात बस. इंग्रजी संभाषणासारखा सोपा कोर्स घरून उरक. प्रॅक्टिकलचं तर विचारूच नको, रसायनशास्त्रातलं टायट्रेशन, थेंबथेंब द्रावण मोजून टाकायचं काम, काही स्क्रीनवर हाताला बसत नाही.