बाइट ब्लॉक : दाढेच्या उपचारांत जबड्याला मिळणारा टेकू

मागच्या दाढेचे रूट कॅनल म्हटले की बहुतेकांना धास्ती वाटते ती भुलीच्या इंजेक्शनची. माझ्या बाबतीत मात्र भूल उतरल्यावर दाढेपेक्षा कानापुढचा सांधा आणि गालाचे स्नायूच अधिक ठणकतात. या त्रासावर दंतवैद्यांकडे एक अगदी साधे साधन असते, ते म्हणजे बाइट ब्लॉक किंवा माउथ प्रॉप. रबराचा अथवा सिलिकॉनचा, एका बाजूला निमुळता होत गेलेला हा ठोकळा ज्या बाजूला काम चालू नाही तेथील वरच्या व खालच्या दाढांमध्ये बसवतात आणि रुग्णाने त्यावर जबडा सैलपणे टेकवून ठेवायचा असतो.

त्याचा गुण पहिल्याच बैठकीत जाणवतो. आधाराशिवाय आ वासून बसले की थकलेले तोंड नकळत मिटू लागते, दंतवैद्य ‘आणखी उघडा’ म्हणतात आणि आपण पुन्हा नेटाने जबडा खाली ओढतो. ही ओढाताणच स्नायूंना सर्वांत जास्त शिणवते. ठोकळा असला की ती थांबते, आणि त्याच्या पृष्ठभागावर खाचा असल्यामुळे तो सहसा घसरतही नाही.

तरीही हे साधन स्नायूंना विसावा देते, सांध्याला नाही, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तोंड साधारण दोन-अडीच सेंटिमीटर उघडेपर्यंत खालच्या जबड्याची टोके खोबणीत मुख्यतः जागच्या जागी फिरतात. त्यापुढे ती पुढे सरकू लागतात आणि सांध्याभोवतीचे बंध ताणले जातात. प्रौढांचे तोंड सर्वसाधारणपणे 40 ते 50 मिलिमीटर उघडू शकते, परंतु त्या मर्यादेजवळ जबडा बराच वेळ अडकवून ठेवणारा मोठा ठोकळा उपकारापेक्षा अपकारच अधिक करतो. निमुळत्या आकारामुळे ठोकळा जितका आत सरकवावा तितके तोंड अधिक उघडते, त्यामुळे माप आणि जागा दोन्ही महत्त्वाचे. लहान मुलांसाठीचे माप पुष्कळदा लहान जबड्याच्या प्रौढांनाही पुरते. ते मागून घेण्यात संकोच नको. अधूनमधून ठोकळा काढून तोंड मिटू देणे तर आवश्यकच आहे, आणि त्यासाठी हात वर करण्याची खूण भूल देण्यापूर्वीच ठरवून घ्यावी, कारण नंतर बोलता येत नाही.

गैरसोयी म्हणाल तर गिळणे अवघड होते, लाळ ओढणारी नळी नीट लागली नसेल तर घशाशी साचलेल्या पाण्याने जीव कासावीस होतो, आणि ज्यांना पटकन उमासे येतात त्यांना हा प्रकार मानवेलच असे नाही. ठोकळ्याला दोरा बांधून त्याचे टोक तोंडाबाहेर ठेवले आहे ना, हे पाहावे. खटके असलेले, जोर लावून तोंड उघडणारे धातूचे उपकरणही असते. जागेपणी, त्यातही सांधा आधीच दुखत असताना, मी त्याला नकारच देईन. ज्यांचा जबडा पूर्वी कधी निखळला किंवा अडकला असेल त्यांनी ते आधी सांगावे.

उपचारानंतर उरणाऱ्या ठणक्याला ऊबदार शेक, मऊ जेवण आणि जांभई येताना हनुवटीखाली मुठीचा आधार एवढे बहुधा पुरते. मात्र प्रत्येक दुखण्याला हा ठोकळा उत्तर नव्हे. खालच्या दाढेसाठी दिलेल्या भुलीची सुई जवळच्या स्नायूला लागली तर तोंड काही दिवस पुरेसे उघडत नाही. तोंड उघडणे दिवसेंदिवस कमीच होत गेले, ताप आला किंवा गिळणे कठीण झाले तर विनाविलंब दाखवावे. नवे फिलिंग किंचित उंच राहिले असेल तर चावताना दात आधी तेथेच टेकतो व जबडा दुखू लागतो; अशा वेळी शेक घेत बसण्यापेक्षा दंतवैद्यांकडे जाऊन ती उंची घासून घ्यावी.